विश्लेषण : नवा पूल झाला, पण जुन्या पुलाला भिडला नाही! अंधेरीच्या गोखले-बर्फीवाला जोडणीने चालकांना का छळले?

मुंबईच्या पश्चिम उपनगरात राहणाऱ्यांना २६ फेब्रुवारी २०२४ ही तारीख आठवत असेल. तब्बल १५ महिने बंद असलेल्या अंधेरीच्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाची एक बाजू त्या दिवशी वाहनांसाठी खुली झाली. मात्र पहिल्या आठवड्यात समाजमाध्यमांवर पुलापेक्षा जास्त फिरला तो एक फोटो. समोर नवाकोरा पूल आणि त्याच्या शेजारी, माणसाच्या छातीइतक्या खाली थबकलेला सी. डी. बर्फीवाला उड्डाणपूल. पूर्वी हे दोन्ही पूल एकमेकांना जोडलेले होते. आता मध्ये चक्क पायरी होती.

या पायरीची भरपूर थट्टा झाली. रोज तिथून गाडी काढणाऱ्यांना मात्र हसायला फारशी सवड नव्हती. ही पायरी आली कुठून, ती काढली कशी आणि पूल पूर्ण झाल्यानंतरही चालकांची कुरकुर का थांबली नाही, हे समजून घेऊया.

या पुलावर एवढे काय अडून होते?

अंधेरीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मधून पश्चिम रेल्वेचे रूळ उत्तर-दक्षिण जातात. पश्चिमेला एस. व्ही. रोड, जुहू, लोखंडवाला, कूपर रुग्णालय. पूर्वेला तेली गल्ली, एन. एस. फडके मार्ग, पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि त्यापलीकडे सहार, मरोळ, चकाला असा कार्यालयांचा पट्टा. रूळ ओलांडायचे तर जागोजागी फाटके नाहीत. मोजकेच पूल आणि भुयारी मार्ग आहेत. गोखले पूल हा त्यातला सर्वांत सरळ रस्ता.

बर्फीवाला उड्डाणपूल त्याच रस्त्याचा दुसरा भाग. जुहूकडून येणारी गाडी या उड्डाणपुलावर चढली की एस. व्ही. रोडवरचा गजबजलेला चौक खाली सोडून थेट गोखले पुलावर आणि तिथून पूर्वेला उतरत असे. म्हणजे नावाला दोन पूल, चालकासाठी रस्ता एकच. जोडणी तुटली की बर्फीवाला पूल निरुपयोगी आणि गोखले पूल अर्धा उपयोगाचा, असा सरळ हिशेब होता.

पूल बंद का करावा लागला?

मूळ पूल १९७५ सालचा. ३ जुलै २०१८ रोजी सकाळी मुसळधार पावसात त्याचा पादचारी भाग थेट रुळांवर कोसळला. समोरून येणाऱ्या लोकलच्या मोटरमनने प्रसंगावधान राखून गाडी थांबवली म्हणून अनर्थ टळला. तरीही या दुर्घटनेत दोघांचा जीव गेला आणि पश्चिम रेल्वे दिवसभर कोलमडली. त्यानंतर पुलाच्या तपासण्या झाल्या आणि उर्वरित पूलही धोकादायक ठरला. ७ नोव्हेंबर २०२२ पासून तो सर्व वाहनांसाठी बंद करण्यात आला. रुळांवरचा भाग पश्चिम रेल्वेने पाडला, बाकीचे काम मुंबई महापालिकेकडे होते.

या काळात पर्यायी मार्गांची जी यादी जाहीर झाली, ती पाहिली तरी अंतराचा अंदाज येतो. खार सब-वे, मिलन उड्डाणपूल, विलेपार्ल्याचा कॅप्टन गोरे उड्डाणपूल, अंधेरी सब-वे, जोगेश्वरीचा बाळासाहेब ठाकरे उड्डाणपूल, गोरेगावचा मृणालताई गोरे उड्डाणपूल. अंधेरीतल्या अंधेरीत जायला लोक पार्ल्याला किंवा जोगेश्वरीला जाऊन वळत होते. त्यातला अंधेरी सब-वे जोराचा पाऊस आला की पाण्याखाली जातो, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको.

रिक्षाचा हिशेब करून पाहा. ऑक्टोबर २०२२ पासून मुंबईत रिक्षाचे भाडे पहिल्या दीड किलोमीटरला २३ रुपये आणि पुढे किलोमीटरला १५ रुपये ३३ पैसे होते. वळशाने तीन किलोमीटर वाढले तर प्रवाशाच्या खिशातून सुमारे ४६ रुपये जास्त जातात, तेही एका फेरीला. रोज जाऊन-येऊन करणाऱ्यासाठी ही रक्कम महिन्याच्या पासापेक्षा कितीतरी जास्त. आणि रिक्षावाल्याला त्यातून फायदा होतो असेही नाही. कोंडीत उभ्या रिक्षाच्या मीटरवर पडणारे पैसे आणि त्याच वेळात होऊ शकल्या असत्या अशा दोन फेऱ्या यांची तुलनाच होत नाही. पलीकडचे भाडे नाकारले जाण्यामागचे कारण अनेकदा हेच असते. रुग्णवाहिकांचा हिशेब तर पैशांत मांडताच येत नाही. पूर्वेकडून कूपर रुग्णालय गाठायचे तर पूल हाच जवळचा रस्ता होता.

सुरुवातीला दोन मार्गिका मे २०२३ पर्यंत सुरू होतील असे सांगितले गेले. मग दिवाळी आली, तीही गेली. डिसेंबर २०२३ मध्ये रुळांवर पहिली तुळई, म्हणजे गर्डर सरकवण्यात आला. सुमारे ९० मीटर लांब आणि १,३०० टनांच्या आसपास वजन. त्याचे भाग अंबाल्यात तयार होऊन ट्रकने मुंबईत आले होते. लोकल बंद ठेवून मिळालेल्या रात्रीच्या ब्लॉकमध्ये हे काम करणे सोपे नव्हते, हे मान्य करायला हवे. त्यामुळेच पूल उघडल्यावर दिसलेली पायरी लोकांना अधिक खुपली. अवघड ते जमले आणि साधे राहून गेले, अशीच भावना होती.

दोन पुलांच्या उंचीत फरक पडला कसा?

रेल्वेवरच्या पुलाची उंची पूल बांधणारा मनाने ठरवत नाही. ती ठरते खालून. रुळापासून किती मोकळी जागा सोडायची हे रेल्वे सांगते. त्यावर पुलाच्या सांगाड्याची जाडी, त्यावर रस्त्याचा थर. खालचा आकडा बदलला की वरचा रस्ता तेवढाच वर सरकतो.

१९७५ साली पूल झाला तेव्हा मुंबईच्या लोकल १,५०० व्होल्ट डीसी विजेवर धावत होत्या. पश्चिम रेल्वेने २०१२ मध्ये आपल्या उपनगरी मार्गावर २५ हजार व्होल्ट एसीकडे जाण्याचे काम पूर्ण केले. व्होल्टेज वाढले की तार आणि पुलाचा तळ यांत जास्त अंतर लागते, कारण वीज हवेतूनही उडी मारू शकते. त्यात रेल्वेचे पुलांबाबतचे निकषही काळानुसार बदलत गेले. महापालिकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेले स्पष्टीकरण हेच होते की, रेल्वेच्या बदललेल्या धोरणामुळे नव्या गोखले पुलाची उंची सुमारे दीड मीटरने वाढवावी लागली.

इथपर्यंत सगळे तर्कशुद्ध आहे. प्रश्न पुढचा. गोखले पूल दीड मीटरने वर जाणार हे आराखड्याच्या वेळी कागदावर आलेच असणार. बर्फीवाला पूल तर आधीपासून जागेवर उभा होता, त्याची उंची मोजायला कुणाची परवानगी लागत नव्हती. मग जोडणीचा उपाय पूल खुला होण्याआधी तयार का नव्हता? रुळांवरच्या कामासाठी रेल्वेची मंजुरी आणि पोहोचमार्ग महापालिकेचे, अशी ही विभागणी आहे. दोन यंत्रणांच्या सीमेवर जे काम असते ते दोघांच्याही यादीत शेवटी येते, हा मुंबईतल्या पुलांचा जुना अनुभव आहे. महापालिकेची बाजू अशी की, जोडणीसाठी थांबलो असतो तर तयार असलेल्या दोन मार्गिकाही लोकांना मिळाल्या नसत्या. यात तथ्य आहेच. पण मग हे उद्घाटनाच्या आधी सांगता आले असते. लोकांना ते फोटोतून कळले.

दीड मीटर म्हणजे फार नाही, मधे उतार का नाही केला?

अनेकांच्या मनात हाच प्रश्न होता. सिमेंटचा एक उतार घालून टाका, झाले! पण रस्त्याच्या भाषेत दीड मीटर बरेच असतात. ३० मीटरला एक मीटर असा सौम्य चढ धरला तरी दीड मीटरसाठी ४५ मीटर लांबी हवी. ती जमिनीवर असती तर भराव घालता आला असता. इथे तो चढ अधांतरी, खांबांवर उभ्या असलेल्या जुन्या उड्डाणपुलावर हवा होता. पुलाच्या पाठीवर थेट एवढ्या उंचीचे काँक्रीट ओतले तर ज्या वजनासाठी तो बांधलाच नाही ते वजन त्याच्यावर येते. शिवाय चढ आणि सपाटी जिथे भेटतात तिथे अचानक कोन राहिला तर वेगात आलेली दुचाकी उडते आणि लांब गाडीचा तळ घासतो. पलीकडून येणारा दिसत नाही, ते वेगळेच.

दुसरा पर्याय होता बर्फीवाला पुलाचा तेवढा भाग पाडून नव्याने बांधण्याचा. त्याला पुन्हा महिनोनमहिने लागले असते आणि खालचा एस. व्ही. रोडचा परिसर पुन्हा बॅरिकेडच्या मागे गेला असता. लोकांची तेवढी तयारी उरली नव्हती.

मग पूल उचलला म्हणजे नेमके काय केले?

महापालिकेने व्हीजेटीआय आणि आयआयटी मुंबई यांचा सल्ला घेतला आणि तिसरा मार्ग निवडला. बर्फीवाला पुलाचा जोडणीजवळचा भाग आहे तसाच वर उचलायचा. एप्रिल २०२४ मध्ये हे काम सुरू झाले.

तत्त्व गॅरेजमधल्या जॅकचेच. पंक्चर काढताना गाडी उचलतात तशी. फरक इतकाच की गाडीला एक जॅक लागतो आणि इथे अनेक हायड्रॉलिक जॅक एकाच वेळी, एकाच गतीने चालावे लागतात. एक जरी पुढे-मागे झाला तर काँक्रीटच्या स्लॅबला पीळ पडतो आणि पीळ काँक्रीटला अजिबात सोसत नाही. म्हणून थोडे उचलायचे, मोजायचे, खाली पोलादी आधार सरकवायचा, मग पुन्हा थोडे उचलायचे. हवी ती उंची आली की खांबाच्या माथ्यावरचा आधार त्या उंचीपर्यंत वाढवायचा आणि पूल त्यावर टेकवायचा.

किती उचलला? एका बाजूला १,३९७ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर. म्हणजे एकीकडे सुमारे साडेचार फूट, तर दुसरीकडे दोन फुटांपेक्षा थोडे जास्त. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. सगळा भाग सारखाच उचलला असता तर पायरी नाहीशी झाली नसती, फक्त गोखले पुलाजवळून मागे जुहूच्या दिशेला सरकली असती. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी उचलल्याने त्या पायरीचा लांबट उतार झाला.

त्यानंतर दोन्ही पुलांच्या सळया एकमेकांत गुंफून मधल्या फटीत काँक्रीट भरण्यात आले. अभियंते याला ‘स्टिचिंग’ म्हणतात आणि शब्द अगदी बरोबर आहे, टाकेच घातले जातात. काँक्रीटला ताकद यायला वेळ द्यावा लागतो, तो दिल्यावर भार चाचणी झाली. ४ जुलै २०२४ रोजी जुहूकडून पूर्वेला जाणाऱ्या हलक्या वाहनांसाठी ही जोडणी खुली झाली. पादचारी पूल कोसळल्याला आदल्याच दिवशी सहा वर्षे पूर्ण झाली होती.

उचलून जोडलेला पूल सुरक्षित असतो का, अशी शंका तेव्हा अनेकांनी घेतली. पूल उचलणे हे जगभर वापरले जाणारे तंत्र आहे. पुलाखालचे बेअरिंग, म्हणजे ज्या उशीवर पूल टेकतो ते, बदलण्यासाठीही पूल काही मिलिमीटर उचलावाच लागतो. इथे उंची जास्त होती एवढेच. असे जोड आणि बेअरिंग वेळोवेळी तपासावे लागतात, हे मात्र खरे. २०१८ च्या दुर्घटनेनंतर अंधेरीत तरी हे कुणाला पटवून द्यावे लागू नये.

जोडणीनंतरही चालकांचा वैताग का संपला नाही?

कारण तेव्हा गोखले पूलच अर्धा होता. फेब्रुवारी २०२४ ते मे २०२५ या काळात येणारी आणि जाणारी वाहतूक एकाच बाजूवर होती. दोन मार्गिकांपैकी एक तुमची, एक समोरच्याची. एक रिक्षा बंद पडली किंवा एखादी गाडी दुसरीला घासली की ओव्हरटेक करायला जागाच नाही. अवजड वाहनांना प्रवेश नसल्याने बेस्टच्या बसप्रवाशांना या पुलाचा उपयोग नव्हता. म्हणजे ज्यांच्याकडे स्वतःचे वाहन आहे किंवा रिक्षाचे पैसे आहेत त्यांचा वळसा आधी वाचला, बसवाल्यांचा सर्वांत शेवटी. चर्चेत हा मुद्दा फारसा आलाच नाही.

११ मे २०२५ रोजी दुसरी बाजूही तयार होऊन पूल पूर्ण क्षमतेने खुला झाला. बंद झाल्यापासून अडीच वर्षांनी. रूळ ओलांडायला लागणारा वेळ त्यानंतर नक्कीच कमी झाला. आता अडते ते दोन्ही टोकांना.

इथे वाहतूक अभियांत्रिकीतली एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. रस्त्याची क्षमता त्याच्या सर्वांत रुंद भागावर ठरत नाही, सर्वांत अरुंद भागावर ठरते. पूल रुंद झाला म्हणजे मिनिटाला जास्त गाड्या तो पूर्वेला आणून सोडतो. पण पुढे तेली गल्ली, तिथली वळणे, दुकानांसमोर उभ्या गाड्या, स्थानकाकडे वळणाऱ्या रिक्षा आणि महामार्गाच्या तोंडाशी असलेला सिग्नल यांची क्षमता तेवढीच राहते. बाटलीचे पोट मोठे केले, तोंड तसेच ठेवले. मग पाच मिनिटे वाचवून आलेला चालक त्यातली तीन सिग्नलला घालवतो आणि पूल बांधणाऱ्यांनाच बोल लावतो. वैताग समजण्यासारखा आहे, पण त्याचे कारण पुलात नाही, पुलाच्या पुढे आहे.

पश्चिमेचा प्रश्न वेगळा. पूर्वेकडून येणाऱ्या चालकाला पुलावर असतानाच ठरवावे लागते : खाली एस. व्ही. रोडला उतरायचे की बर्फीवाला पुलावरून सरळ पुढे जायचे. रोजच्याला ते पाठ असते. नवखा मात्र मोबाइलवरच्या नकाशाच्या भरवशावर येतो आणि वरचा-खालचा रस्ता ओळखताना नकाशा हमखास गोंधळतो. उपग्रहाला तुम्ही कुठे आहात ते कळते, पण एकावर एक असलेल्या रस्त्यांपैकी कोणत्या मजल्यावर आहात हे सहज कळत नाही. शेवटच्या क्षणी मार्गिका बदलणारी एक गाडी मागच्या दहा गाड्यांना ब्रेक मारायला लावते. यावर उपाय स्वस्त आहे. फाट्याच्या बऱ्याच आधी, डोक्यावर, मोठ्या अक्षरांतला मराठी फलक आणि रस्त्यावर रंगवलेले बाण. आपल्याकडे शेकडो कोटींचे पूल होतात आणि फलक मात्र फाट्यावरच लागतो, जिथे तो वाचून काहीही करता येत नाही.

पुण्यातल्या चांदणी चौकाचेही हेच झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथला बहुमजली चौक खुला झाला आणि कोणता रस्ता कोथरूडला, कोणता मुळशीला, कोणता महामार्गाला, यात भलेभले पुणेकर चकले. भोपाळच्या ऐशबाग पुलाची तऱ्हा आणखी न्यारी. त्याचे जवळपास काटकोनातले वळण २०२५ मध्ये देशभर गाजले आणि मध्य प्रदेश सरकारला अभियंत्यांवर निलंबनाची कारवाई करावी लागली. तिन्ही ठिकाणी पूल बांधण्याचे अवघड काम जमले, घोळ झाला तो जोडताना.

चालकांनी आता काय लक्षात ठेवावे?

पूर्वेकडून येताना बर्फीवाला पूल पकडायचा असेल तर पुलाच्या चढावरच आपली मार्गिका धरा, माथ्यावर आल्यावर नको. जोडणीच्या ठिकाणी उतार आहे, त्यामुळे पावसात दुचाकीस्वारांनी पुढच्या गाडीपासून अंतर राखलेले बरे. जोडावर डांबर उखडले, सळई दिसू लागली, किंवा गाडी नेहमीपेक्षा जास्त आदळते आहे असे वाटले तर महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर कळवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. २०१८ च्या अनुभवानंतर पुलावरची छोटी खूणही दुर्लक्षू नये.

आणि पावसाळ्यात आणखी एक. अंधेरी सब-वेमध्ये पाणी साचून तो बंद झाला की तिथली सगळी वाहतूक गोखले पुलाकडे वळते. त्या दिवशी पूल कितीही रुंद असला तरी तेली गल्लीत रांग लागणारच. सब-वे बंद झाल्याची सूचना वाहतूक पोलीस समाजमाध्यमांवर देतात. घरून निघण्याआधी ती पाहिली तर पार्ल्याच्या कॅप्टन गोरे पुलाकडे वळायला वेळ मिळतो. एकदा एस. व्ही. रोडच्या रांगेत शिरल्यावर तो मिळत नाही.